मताचा हक्क नव्हता, तरी वजन होतं

प्रश्न : फ्रेंच राज्यक्रांतीत बायकांना मतदान नव्हतं, पद नव्हतं. मग लेखिका मादाम द स्ताल यांचा राजकीय प्रभाव नेमका कशातून आला?

उत्तर : घरातून आणि लेखणीतून. वडील नेकर राजाचे अर्थमंत्री, नवरा स्वीडनचा राजदूत. पॅरिसच्या र्यू द्यु बाक रस्त्यावरच्या त्यांच्या दिवाणखान्यात वेगवेगळ्या गटांचे लोक जमत, आणि तिथे माणसं पुढे आणली जात. डिसेंबर 1791 मध्ये त्यांचे निकटचे स्नेही नारबोन युद्धमंत्री झाले, त्यात त्यांचा मोठा हात होता. पण अशी सत्ता उसनी असते. मार्च 1792 मध्ये राजाने नारबोनना काढलं आणि तो धागा तुटला.

ऑगस्टमध्ये राजसत्ता कोसळल्यावर नारबोन त्यांच्याकडे लपले असताना झडती आली. स्वीडनची हद्द फ्रान्सला लागून आहे, तो लगेच हल्ला करेल, असा खोटा दम बाईंनी चक्क दिला, आणि तो चालला! 1793 मध्ये राणीच्या बचावाची पुस्तिका निनावी काढली. राणी मात्र वाचली नाही. 1797 मध्ये तालेराँना परराष्ट्रमंत्री करण्यासाठी त्यांनी तेव्हाच्या सत्ताधारी मंडळातल्या बारासकडे शब्द टाकला. नेपोलियनने 1803 मध्ये त्यांना पॅरिसपासून 40 लीग, म्हणजे सुमारे 160 किलोमीटर, दूर घालवलं. त्यांच्या वजनाची याहून सरळ पावती नाही.