मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसची वास्तुशैली नक्की कोणती? बरोक (युरोपातली भरजरी, नक्षीदार शैली) की इंडो-सारासेनिक (विलायती इमारतीवर इथले घुमट-कमानी चढवणारी)?

इंडो-सारासेनिक आधी खोडून टाका. त्याच सुमाराला, 1913 मध्ये पुरं झालेलं जीपीओ, म्हणजे मुंबईचं मुख्य टपाल कार्यालय बघा. वास्तुविशारद जॉन बेगनं त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला. सरकारी इमारतींना तेव्हा एतद्देशीय दिसायची हौस होती. ऑपेरा हाऊसला ती नव्हती, कारण ते धंद्यासाठी बांधलेलं. कलकत्त्याचा मॉरिस बँडमन आणि इथले जहांगीर फ्रामजी कराका यांना विलायती नाटक कंपन्या आणायच्या होत्या. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसल्यावर लंडनमध्ये आल्यासारखं वाटायला हवं होतं. म्हणून तो सोनेरी मुलामा, ते बॉक्स (बड्या प्रेक्षकांचे वेगळे सज्जे), तो घुमट.

पण नुसतं 'बरोक' म्हणाल तर तेही अर्धवट. खरं बरोक 17व्या-18व्या शतकातलं. पंचम जॉर्जनं 1911 मध्ये या वास्तूचं उद्घाटन केलं (बांधकाम तेव्हा पुरं व्हायचं होतं), तोवर ती शैली युरोपातही जुन्या पेटीतून काढून पुन्हा नेसायची गोष्ट झाली होती. त्यात भारतीय नक्षीकाम मिसळलं. वरची झुंबरं तर ससून घराण्याच्या वाड्यातून आली.

आता माझं दुखणं. माझे मामा गिरगावातले, जन्म चाळीतला. 2016 मध्ये जीर्णोद्धार होऊन वास्तू पुन्हा उघडली, त्यानंतर त्यांना घेऊन गेलो. सोबत मामेभाऊ, आर्किटेक्ट. आम्हाला दाखवायला जो माणूस होता तो दर दोन वाक्यांनी "प्युअर बरोक" म्हणत होता. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमचा सिनेमा कुठे गेला?" त्या माणसानं हसून "तो मधला वाईट काळ" असं काहीतरी सांगितलं आणि पुढे सरकला. मामेभावानंही मान डोलावली, याचा मला जास्त राग आला. मामांनी तरुणपणी पाहिलेले बहुतेक सिनेमे इथले. ते म्हणाले, "तुमचं बरोक आम्हाला कधी दिसलंच नाही रे, आत गेलो की अंधार असायचा."

तेव्हापासून आमच्यात वाद आहे. भावाचं म्हणणं, वास्तूचं मूळ रूप हेच खरं रूप, बाकीची घाण. मी म्हणतो, हिशोब कर. 1935 मध्ये आयडियल पिक्चर्स या कंपनीकडे आल्यावर हे मुख्यतः सिनेमागृह झालं आणि 1993 ला बंद पडेपर्यंत तसंच राहिलं. आधीचा काळ त्याच्या निम्माही नाही. तोही निव्वळ विलायती नव्हता, इथं बालगंधर्व गायले. सिनेमासाठी खुर्च्या वाढवायला बॉक्स काढले, ही नासधूस म्हणायची तर म्हणा. पण 1930च्या दशकात मुंबईत रीगल, मेट्रो, इरॉस उभी राहिली, आणि ती आर्ट डेको (त्या काळची नवी, रेखीव शैली) म्हणून आज डोक्यावर घेतात. तीच हवा या इमारतीत शिरली की ती घाण कशी?

तेव्हा मिश्र शैली म्हणा आणि निर्धास्त राहा. कुणी "शुद्ध" म्हणालं तर विचारा, कोणत्या सालची शुद्ध?

एक सांगायचं राहिलं. जीर्णोद्धारावर माझा राग नाही. वीस वर्षांहून जास्त बंद पडलेली, मोडकळीला आलेली जागा होती. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी ती उभी केली, गेलेले बॉक्स परत बांधले, 2017 मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. कोणत्या तरी एका काळाची निवड करावीच लागते, एवढं मलाही कळतं. फक्त निवड केली असं म्हणा, मूळ सापडलं असं म्हणू नका. भाऊ, हे वाचत असशील तर फोनवर नको, इथेच खाली उत्तर दे.