पाळी मागेपुढे होतेय, मूड ठिकाणावर नाही? आधी एवढं कर

पंचेचाळिशीत पाळी मागेपुढे होणं, रात्री तीनला घामाने गाऊन भिजून जाग येणं, भाजीत मीठ विसरलं म्हणून रडू फुटणं, हे सगळं एकाच गोष्टीचं असू शकतं: पाळी जाण्याच्या, म्हणजे रजोनिवृत्तीच्या, आधीच्या काळाचं. तू वेडी होत नाहीयेस गं.

आत्ता एवढंच:

- कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी पाळीची तारीख, घाम, झोप, मूड लिही. दोन-तीन महिन्यांची पानं डॉक्टरांपुढे ठेव. नुसत्या 'कसंतरी होतं'पेक्षा त्यातून त्यांना खूप कळतं.
- थायरॉईड, हिमोग्लोबिन तपास. थकवा, उदासी तिथूनही येते.
- हार्मोन थेरपीला (पाळी जाताना कमी होणारी इस्ट्रोजेनसारखी हार्मोन्स औषधातून घेणं) सरसकट नाही म्हणू नकोस. २००२ च्या अमेरिकन अभ्यासाने धास्ती बसली, पण त्यातल्या बायका सरासरी ६३ वर्षांच्या होत्या. साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरू केली तर त्रास असलेल्या बहुतेकींना फायदा जास्त. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार झालेला असेल तर डॉक्टरांना आधी सांग. तेव्हा सहसा देत नाहीत. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनही लागतं, म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणायचं नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'वयाचंच आहे' म्हणत उदासी अंगावर काढणं. दोन आठवडे कशातच मन रमलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, रात्र असली तरी.

वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर लगेच तपासणी. हार्मोनचे जेल, पॅच वगैरेंबद्दल डॉक्टरांना भेटून आलीस की बोलू.