लिहायला शिकतोय, तर कथाबीज, कथानक, निवेदक, आशय यातलं आधी काय समजून घेऊ?

तुमचा प्रश्न असा आहे की कथा लिहायला शिकायचंय, पण समीक्षेचं पुस्तक उघडलं की कथाबीज, कथानक, निवेदक, आशय, अभिव्यक्ती, शैली असे शब्द अंगावर येतात आणि लिहायचंच राहून जातं, तर नवशिक्याने यातले कुठले आधी शिकावेत. मी गेली बारा-तेरा वर्षं कथा लिहितेय, दिवाळी अंकांत छापून येतात, आणि दर शनिवारी संध्याकाळी आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही आठ-दहा जण जमतो, ज्याने जे लिहून आणलं असेल ते त्याने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. तिथे बघून बघून माझं मत पक्कं झालंय की हे शब्द लिहायच्या आधी पाठ करायचे नसतात, ते लिहून झाल्यावर कामाला येतात. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "कसंतरी होतंय" म्हणून भागत नाही ना, कुठे दुखतंय ते सांगावं लागतं, तसं गोष्ट कुठे दुखतेय हे सांगायला हे शब्द लागतात.

म्हणून व्याख्या देत बसत नाही, एकच उदाहरण घेते. आमच्या गटातल्या एका मुलाने वडिलांवर गोष्ट लिहिली होती, वडील एसटीत कंडक्टर, नुकतेच रिटायर झालेले. (त्याला विचारूनच इथे लिहितेय.) पहिला खर्डा असा सुरू होत होता:

"एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी धावली. तेव्हापासून एसटी महाराष्ट्राची अविरत सेवा करत आहे. माझे बाबा या एसटीत कंडक्टर होते. ते अत्यंत कष्टाळू आणि प्रेमळ होते. निवृत्तीनंतर त्यांना एकटेपणा जाणवू लागला."

यात चुकीचं काहीच नाही, तारीखसुद्धा बरोबर आहे, पण ऐकताना सगळे गप्प बसले, कुणाच्या डोळ्यांसमोर माणूस उभा राहिला नाही.

त्याच्याकडे कथाबीज होतं. कथाबीज म्हणजे ज्यातून गोष्ट उगवू शकते अशी एवढीशी गोष्ट, एका ओळीत सांगता येते: जन्मभर गाडीत उभा राहिलेला माणूस घरात बसू शकत नाही. आशय म्हणजे त्या बीजाच्या पोटात जे आहे ते, इथे काम गेलं की माणसाचं काय उरतं हा प्रश्न. आशयाची काळजी सुरुवातीला अजिबात करू नका, तो आपोआप येतो, आणि मुद्दाम आणायला गेलात तर निबंध होतो.

कथानकाबद्दल मात्र बहुतेकांचा गोंधळ असतो, घटना एकापाठोपाठ एक लावल्या की कथानक झालं असं वाटतं. बाबा रिटायर झाले, मग बाबा रोज स्टँडवर जायला लागले, हा झाला घटनाक्रम. बाबा रिटायर झाले, दुपारी घरात बोलायला कुणी नसायचं म्हणून ते स्टँडवर जायला लागले, आणि तिथे कुणीतरी त्यांना चौकशी खिडकीतला माणूस समजून गाडीची वेळ विचारली म्हणून ते दुसऱ्या दिवशीही गेले, हे कथानक. "मग"च्या जागी "म्हणून" बसतंय का एवढं बघायचं. सगळीकडे बसलं पाहिजे असं नाही, पण एकदाही बसत नसेल तर वाचक पान उलटणार नाही. संघर्ष हा शब्दही इथेच येतो, त्याने घाबरू नका, मारामारी लागत नाही, एकाला काहीतरी हवंय आणि ते मिळत नाहीये एवढं पुरतं. बाबांना कुणीतरी काहीतरी विचारायला हवंय आणि घरचे सगळे म्हणतायत तुम्ही आता आराम करा. झाला संघर्ष, आणि यात वाईट कुणीच नाही, म्हणून तर तो जास्त बोचतो.

आता तपशील. माझ्या मते नवशिक्याने एकच शब्द शिकायचा असेल तर हा. तपशील आणि माहिती यात फरक आहे. १ जून १९४८ ही माहिती आहे, ती कुणालाही कुठेही सापडते, आणि गोष्टीच्या सुरुवातीला ती म्हणजे नमनालाच घडाभर तेल. तपशील म्हणजे जे फक्त त्या माणसाजवळ राहिलेल्याला दिसलं असेल. आम्ही त्या मुलाला विचारलं, बाबा घरी नेमकं काय करतात? तो म्हणाला काही नाही, नुसते बसतात. परत विचारलं. मग आठवून आठवून सांगायला लागला, की भाजी आणायला गेले तरी नोटांची उभी घडी करून बोटांच्या बेचक्यात धरतात, दहाच्या वेगळ्या, वीसच्या वेगळ्या, पन्नासच्या वेगळ्या. स्वयंपाकघरात उभे राहिले की पाय फाकवून उभे राहतात, जणू आत्ता वळण येणार आहे. आणि त्याच्या स्कूटरवर मागे बसले की नीट बसून झाल्यावर पाठीवर दोनदा टकटक करतात. आम्हाला कळेना, टकटक कशाला? तो म्हणाला, डबल बेल. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

वाचनालयात दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. आता यात "कष्टाळू" आणि "प्रेमळ" कुठेही नाही, पण माणूस दिसला. "एकटेपणा जाणवू लागला" हे वाक्य वाचकाला निकाल सांगतं, बेचक्यातल्या नोटा पुरावा देतात आणि निकाल त्याच्यावर सोडतात. याला काही लोक सांगणं आणि दाखवणं असं म्हणतात. सांगणं वाईट असतं असं मात्र कुणी शिकवलं तर ऐकू नका, बत्तीस वर्षांची नोकरी एका ओळीत सांगूनच टाकायची असते, सगळंच दाखवत बसलात तर पाल्हाळ होतो. जिथे काळीज आहे तिथे दाखवायचं, बाकीचं सांगून पुढे जायचं.

दुसरा मोठा शब्द निवेदक. गोष्ट लिहिणारा तो लेखक आणि गोष्टीत सांगणारा तो निवेदक, हे दोघे एक नसतात. हरिभाऊ आपट्यांची "पण लक्षात कोण घेतो" ही कादंबरी त्यांच्याच "करमणूक" साप्ताहिकात क्रमशः आली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आणि ती सांगते कोण, तर यमू नावाची मुलगी, स्वतःच्या तोंडाने, लहानपणापासून. लिहिणारा पुरुष, सांगणारी "मी" बाई. यमूला जे दिसतं, जे कानावर पडतं आणि जे तिच्या वयाला कळतं त्यातूनच वाचकाने ते घर बघायचं. याला प्रथमपुरुषी निवेदन म्हणतात. "तो", "ती" म्हणून बाहेरून सांगितलं तर तृतीयपुरुषी, आणि त्यात सगळ्यांच्या मनातलं ज्याला ठाऊक आहे तो सर्वज्ञ निवेदक.

आमच्या मुलाच्या गोष्टीत निवेदक "मी" म्हणजे मुलगा होता, आणि मध्येच वाक्य आलं, "स्टँडवरच्या बाकड्यावर बसल्यावर बाबांना आपली पहिली ड्युटी आठवली." तुला कसं कळलं? तू तर तेव्हा ऑफिसात होतास. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. ही चूक प्रत्येक जण करतो, मीही पहिली तीन-चार वर्षं करत होते आणि एका संपादकांनी माझ्या कथेच्या समासात पेन्सिलीने एवढंच लिहून पाठवलं होतं की हे कोण बघतंय? तेव्हापासून प्रत्येक पानावर मी तो प्रश्न विचारते. आणि हा प्रश्न मराठीला नवा नाही बरं का, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या तेव्हा ते ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठून त्यांच्याकडून आठवणी घेत होते. कोणी पाहिलं, कोणी सांगितलं याला तेव्हाही किंमत होती. तर त्या मुलापुढे दोन वाटा होत्या, एक तर गोष्ट तृतीयपुरुषी करून बाबांच्या डोक्यात शिरायचं, नाहीतर "मी" ठेवायचा आणि जे मुलाला दिसलं तेवढंच लिहायचं. त्याने दुसरी वाट घेतली, आणि मला वाटतं बरोबर केलं, कारण बाबांच्या मनात काय चाललंय हे मुलाला कळत नाही हीच तर खरी त्या घरातली अडचण होती.

संवादाकडे येते. नवीन लिहिणाऱ्यांची पात्रं एकमेकांना माहिती देतात, "अहो, तुम्ही गेल्या महिन्यात ३० तारखेला निवृत्त झालात ना, म्हणून तुम्हाला झोप येत नाही," असं कुठली बायको बोलते? त्याने नंतर लिहिलेला तुकडा देते:

"किती वाजले गं?"
"साडेतीन. झोपा."
"पाण्याचा आवाज आला."
"पाणी सहाला येतं."

चार ओळी. बाबा पहाटेच्या ड्युटीच्या सवयीने उठलेत, पाण्याचं निमित्त आहे, आईला ते कळलंय आणि ती कळलंय असं म्हणत नाहीये. यासाठी आपल्याकडे फार जुना आणि फार सुंदर शब्द आहे, व्यंजना. संस्कृत काव्यशास्त्रात शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्यात, अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. अभिधा म्हणजे सरळ अर्थ. लक्षणा म्हणजे सरळ अर्थ बसत नाही म्हणून जवळचा घ्यायचा, त्यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे गंगेवर गवळीवाडा, आता नदीच्या पाण्यावर कुणी वाडा बांधत नाही, म्हणजे काठावर. आपणही "अख्खा गाव जत्रेला लोटला" म्हणतो तेव्हा घरं चालत गेली असं कुणी समजत नाही. आणि व्यंजनेचं उदाहरण म्हणजे "सूर्य मावळला" एवढंच वाक्य, गुराख्याने ऐकलं तर गुरं वळवायची वेळ झाली, पूजा करणाऱ्याने ऐकलं तर संध्येची. शब्द तेच, ऐकणाऱ्यागणिक निघणारा अर्थ वेगळा. शाळेत हे दहा मार्कांसाठी पाठ केलं आणि विसरलो, पण "पाणी सहाला येतं" ही व्यंजनाच आहे. तुम्ही आज घरी जेवताना कोण काय बोलतंय ते नुसतं ऐका, निम्म्याहून जास्त बोलणं असंच असतं.

बोलीबद्दल लोक फार विचारतात. तुमची जी बोली आहे ती बिनधास्त वापरा, पण जी येत नाही ती उसनी आणू नका, कोल्हापूरकडचा म्हणून दर वाक्यात "व्हय" घातलं की तिथला वाचक दुसऱ्या ओळीला पुस्तक मिटतो. पात्रांच्या तोंडी बोली आणि निवेदन प्रमाणभाषेत, ही पूर्वापार पद्धत, आणि निवेदनही बोलीत करणारे उत्तम लेखक आपल्याकडे आहेत. साहित्य महामंडळाचे जे लेखनाचे १८ नियम आहेत (१४ आधी १९६२ साली आले, ४ पुढे १९७२ मध्ये जोडले) त्यातही पात्राच्या तोंडी "असं केलं" आणि एरवी "असे केले" अशी सोय आहेच. काहीही निवडा, पण एका कथेत एकच निवडा, अर्ध्या पानावर "केले" आणि अर्ध्यावर "केलं" असं झालं की वाचकाला ठेच लागते.

शुद्धलेखन महत्त्वाचं आहे, पण शेवटी. मी अशी माणसं बघितलीत जी पहिल्या परिच्छेदातले ऱ्हस्व-दीर्घ तपासत तीन आठवडे घालवतात आणि तो परिच्छेद नंतर काढून टाकावा लागतो. क्रम असा ठेवा, आधी कच्चा खर्डा, मग पंधरा दिवस तोंड बघायचं नाही, मग पुनर्लेखन, म्हणजे खरंच नव्याने लिहिणं, आणि सगळं बसलं की मगच ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हं. विरामचिन्हांचं एक सांगते, ती मराठीत बरीच उशिरा आली, मोडीत तर शब्द न तोडता सलग लिहायचे, आणि एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी इंग्रजीच्या धर्तीवर स्वल्पविराम, पूर्णविराम आपल्याकडे रुळवले. म्हणजे कित्येक शतकं मराठी वाक्य कानाच्या भरवशावर उभं होतं. म्हणून मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य बिघडलंय, नियम आठवला नाही तरी चालेल.

शैली आणि अभिव्यक्ती यावर मी मुद्दाम काही लिहीत नाहीये. पन्नास पानं लिहून होईपर्यंत हे शब्द बाजूला ठेवा.

राहिला शेवट. त्या मुलाने पहिल्या खर्ड्यात शेवटी लिहिलं होतं, "त्या दिवशी मला उमगले की बाबा आता म्हातारे झाले आहेत आणि आपण त्यांना वेळ दिला पाहिजे." हा परिच्छेद काढायला तो तयार नव्हता, म्हणाला मग लोकांना कळणार कसं? आम्ही म्हटलं, डबल बेल तू आधी दोनदा दाखवलीयेस ना, एकदा सुरुवातीला आणि एकदा मधे, मग वाचकाच्या पाठीवर ती आता बसलेली आहे. पुढच्या शनिवारी तो नवीन पान घेऊन आला. बाबा स्टँडवर बसलेत, मुलगा ऑफिस सुटल्यावर त्यांना घ्यायला जातो, बाबा मागे बसतात, मुलगा गाडी चालू करतो आणि टकटक व्हायची वाट बघत उभा राहतो. मागून हॉर्न वाजतात, तो जागचा हलत नाही. गोष्ट तिथेच थांबते.