एमजीबीचे एसयू काढून प्रोग्रॅमेबल इंजेक्शन बसवावे का?

आपला प्रश्न असा आहे की, आपल्याकडे १९७१ची एमजीबी रोडस्टर (उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, आपण ठाण्यात राहता, उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडते, आणि जोड एसयू कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे एसयू बनावटीचे भाग) काढून प्रोग्रॅमेबल इंजेक्शन, म्हणजे संगणकाने मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा, बसवल्यास ताकद किती वाढेल व ईसीयू, म्हणजे तो संगणक, कोणता घ्यावा. इंजेक्शन जरूर बसवा, पण ताकदीसाठी नव्हे. आणि "प्रत्येक सिलिंडरला एक असे चार इंजेक्टर लावू" असे जो म्हणेल त्याला बॉनेट उघडू देऊ नका, मग तो कितीही मोठ्या कंपनीत इंजिनिअर असो. या शेवटच्या वाक्यामागे आमच्या घरातला बराच जुना वाद आहे.

ताकदीचे आधी उरकतो. १७९८ सीसीच्या या इंजिनातून कारखान्याने ५,४०० आरपीएमला ९५ अश्वशक्ती काढली आणि ती मर्यादा कार्ब्युरेटरची नसून हेडची (सिलिंडरवरच्या, हवेच्या वाटा असलेल्या भागाची) आहे. चांगल्या स्थितीतले दोन एसयू या इंजिनाला लागेल तेवढी हवा सहज देतात. इंजेक्शन लावल्यावर "गाडी उडायला लागली" असे जे लोक सांगतात, त्यांच्या गाडीत आधी बहुधा झिजलेला डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग), हवा खाणारा थ्रॉटल शाफ्ट आणि कार्ब्युरेटरची चुकीची सुई होती. तेवढेच नीट केले असते तरी ती उडाली असती.

आता वादाकडे येतो. माझ्या सासरेबुवांकडे १९६९ची एमजीबी आहे, नौपाड्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या आवारात ती ताडपत्रीखाली उभी असते. माझे स्वतःचे वागळे इस्टेटमध्ये डिझेल पंप आणि इंजेक्टर कॅलिब्रेशनचे छोटे वर्कशॉप आहे, आणि माझे साडूभाऊ पुण्याकडे वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत डिझाइन विभागात आहेत. घरात पदवीला जो मान असतो तो पान्याला नसतो, त्यामुळे गाडीला इंजेक्शन बसवायचे ठरले तेव्हा आराखडा साडूभाऊंचा आणि हमाली माझी, अशी वाटणी आपोआप झाली. मी पहिल्याच दिवशी सांगितले होते की या हेडला चार सिलिंडर असले तरी इनटेक पोर्ट (हवा आत घेणाऱ्या वाटा) दोनच आहेत, एक आणि दोन नंबरमध्ये एक, तीन आणि चारमध्ये दुसरा, तेव्हा आजच्या हॅचबॅकची मांडणी इथे जशीच्या तशी चालणार नाही. त्यावर "सिक्वेन्शियल टायमिंगने तो प्रश्न सुटतो" असे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या पाळीलाच त्याचा इंजेक्टर उघडायचा असे, उत्तर मिळाले, आणि सासरेबुवांनी मान डोलावली.

प्रश्न सुटत का नाही, हे नीट समजून घ्या, कारण आपल्या गाडीचे हेडही हेच आहे. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे. म्हणजे पहिल्या पोर्टमधून आधी दोन नंबर हवा ओढतो, अर्ध्या फेऱ्याने लगेच एक नंबर ओढतो, आणि मग जवळपास एक फेरा तिथे कोणीच ओढत नाही. मूळ कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या वरच्या बिंदूच्या १६ अंश आधी उघडतो आणि खालच्या बिंदूनंतर ५६ अंशांनी बंद होतो, त्यामुळे सुमारे ७२ अंश दोन्ही सिलिंडरचे इनटेक व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात. एका ताटात दोन भाऊ जेवायला बसवले आणि वाढणारा वेळेवर आला नाही, की आधी हात घालणाऱ्याचे पोट भरते आणि दुसऱ्याला ताट चाटावे लागते. पोर्टमध्ये पेट्रोल आधीच पडलेले असेल तर ते आतल्या दोन आणि तीन नंबरच्या वाट्याला जास्त जाते आणि बाहेरचे एक व चार लीन राहतात, म्हणजे त्यांना पेट्रोल कमी पडते.

टायमिंग साधून प्रत्येकाला त्याच्या वेळीच वाढायचे म्हटले, तर वेळ किती मिळते ते पाहा. ५,५०० आरपीएमला एक फेरा सुमारे ११ मिलिसेकंदांचा, म्हणजे अर्धा फेरा साडेपाच मिलिसेकंदांचा. नेहमीच्या हिशोबाने, म्हणजे कमाल आरपीएमला ८० टक्के ड्युटी (दर दोन फेऱ्यांत इंजेक्टर उघडा राहण्याचा वाटा) धरून इंजेक्टर निवडला, तर पूर्ण लोडला तो १७ मिलिसेकंदांच्या आसपास उघडा राहतो. साडेपाचच्या खिडकीत १७ बसत नाहीत. बसवायचे तर तिप्पट मोठा इंजेक्टर हवा, आणि तो आयडलिंगला इतक्या कमी वेळासाठी उघडावा लागतो की प्रत्येक वेळी सारखेच पेट्रोल टाकेल याचा भरवसा राहत नाही. इंजेक्टर टेस्ट बेंचवर रोज पाहणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही. १९९६पासून मिनीला याच प्रकारच्या पाच पोर्टच्या हेडवर कारखान्याने दोन इंजेक्टर लावले, हे साडूभाऊ अजूनही प्रत्येक गणपतीला ऐकवतात. ते खरे आहे, परंतु ते इंजिन १२७५ सीसीचे आणि ६३ अश्वशक्तीचे होते, आणि त्यामागे कारखान्याची अख्खी प्रयोगशाळा होती.

तरीही चार इंजेक्टर लागले. मूळ अॅल्युमिनियम मॅनिफोल्डला (हवा पोर्टपर्यंत नेणाऱ्या नळ्यांना) भोके पाडून बॉस (इंजेक्टरच्या बैठका) वेल्ड केले गेले, ज्याला मी शेवटपर्यंत विरोध केला. गाडी सुरू झाली तेव्हा आयडलिंग इतके गुळगुळीत होते की सोसायटीतले लोक गॅलरीत येऊन पाहू लागले आणि साडूभाऊंनी पेढे वाटले. पुढे घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर घेतला, तेव्हा पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा नॉकिंगचा (पेट्रोल अवेळी पेटल्याचा) आवाज यायला लागला. लॅपटॉपवर मात्र लॅम्बडा (एक्झॉस्टवरून मोजलेले मिश्रण; १ म्हणजे आदर्श प्रमाण, त्याखाली म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८८ दिसत होता, म्हणजे कागदावर पूर्ण थ्रॉटलला मिश्रण उत्तम. साडूभाऊ सेन्सरकडे बोट दाखवत होते आणि मी इंजिनाकडे.

मी चढावरच इंजिन बंद करायला लावले, गाडी कडेला घेतली आणि गरम इंजिनातून चारही प्लग काढून बॉनेटवर वर्तमानपत्र पसरून क्रमाने मांडले. दोन आणि तीनच्या प्लगची टोके काजळीने मखमलीसारखी काळी होती. एक आणि चारचे पोर्सेलीन खडूसारखे पांढरे पडले होते, आणि चार नंबरवर अॅल्युमिनियमचे बारीक चकचकीत कण दिसत होते, म्हणजे पिस्टनचा माथा सुटायला सुरुवात झाली होती. एक्झॉस्टमधला एकच सेन्सर चौघांची सरासरी सांगतो. दोघे उपाशी आणि दोघे अजीर्ण झालेले असले तरी त्याच्या लेखी सगळे ठीक असते. यावर साडूभाऊंचे म्हणणे असे पडले की प्लगची हीट रेंज (प्लग किती गरम राहतो तो प्रकार) चुकली आहे. आजही ते तेच म्हणतात, आणि हे उत्तर त्यांच्या वाचनात आले तर खाली तेच लिहितील.

त्यानंतर सासरेबुवांनी काम माझ्याकडे दिले. मी दुसरे जुने मॅनिफोल्ड मिळवले, ज्या जागी एसयू होते तिथेच दोन थ्रॉटल बॉडी बसवल्या आणि इंजेक्टर थ्रॉटलच्या पाकळीच्या वरच्या बाजूला घेतले. पेट्रोल वरूनच हवेत मिसळून येते, पोर्टमध्ये कोणाची पाळी आहे याच्याशी त्याला देणेघेणे राहत नाही, आणि वाटप कार्ब्युरेटरइतकेच, म्हणजे या इंजिनाला कायम सवय असलेले मिळते. याला कोणी जुनाट म्हणेल. म्हणू द्या. एमएपी सेन्सरची (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरची) नळी मात्र मॅनिफोल्डच्या एका रनरवरून, म्हणजे शाखेवरून, न घेता दोघांना जोडणाऱ्या बॅलन्स पाइपवरून घ्या, नाहीतर आकडा सतत नाचत राहील.

आपल्या उन्हाळ्याच्या तक्रारीवर इंजेक्शन खरोखर उपाय आहे. एमजीबीत कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकावर एक आहेत. माजिवड्याच्या सिग्नलला मे महिन्यात दहा मिनिटे उभे राहिले की फ्लोट बाउलमधले पेट्रोल उकळते. इंजेक्शनच्या रेलमध्ये ते तीन बारच्या दाबाखाली असते आणि रिटर्न लाइनने टाकीकडे फिरत राहते, त्यामुळे ही कटकट जवळजवळ संपते. मात्र हवेच्या तापमानाचा सेन्सर एक्झॉस्टच्या वर लावू नका. तो स्वतः तापतो, ईसीयूला हवा विरळ झाल्याचा भास होतो, पेट्रोल कमी केले जाते आणि गाडी पुन्हा त्याच सिग्नलला बंद पडते. मी तो ग्रिलच्या मागे नेला. मूळ एसयू पंप जेमतेम तीन पीएसआय देतो, तो काढून उच्च दाबाचा पंप लावावा लागेल, आणि टाकीत आडवी भिंत नसल्याने वळणावर पेट्रोल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढू नये म्हणून छोटी स्वर्ल टाकी घ्या. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, उच्च दाबाच्याच हव्यात.

ईसीयू कोणता, हा आपला मुख्य प्रश्न होता. मेगास्क्वर्ट घ्या, स्पीडुइनो घ्या किंवा महागडा घ्या, या इंजिनाला फरक पडत नाही. क्रँक पुलीवर ३६ वजा १ दातांचे चाक (३६पैकी एक दात गाळलेले, ज्यावरून ईसीयूला क्रँक कुठे आहे ते कळते) लेथवर अगदी केंद्रात बसवून घ्या आणि सेन्सरच्या तारा इग्निशन कॉइलपासून दूर न्या. मी पाहिलेल्या बहुतेक रडक्या इंजेक्शनच्या गाड्यांचा रोग अर्थिंगमध्ये होता. इंजिन, बॉडी आणि ईसीयू यांची अर्थिंग एकाच ठिकाणी आणा. मूळ अल्टरनेटर ३४ अँपिअरचा आहे, पंप, सेन्सरचा हीटर आणि पंखा मिळून तो दमतो, म्हणून तोही बदला. इग्निशनही ईसीयूकडेच द्या. माझ्या मते खर्चाचे खरे मोल तिथेच मिळते, कारण लोडप्रमाणे अॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती आधी टाकायची ते, त्या जुन्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमच्या जोरावर ढोबळच देता येते.

मॅपिंग (कोणत्या आरपीएमला व लोडला किती पेट्रोल याचा तक्ता) करताना एएफआरच्या, म्हणजे हवा-इंधन गुणोत्तराच्या, आकड्यावर न जाता लॅम्बडावर करा. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) मिळते आणि त्याचे आदर्श प्रमाण शुद्ध पेट्रोलच्या १४.७ऐवजी साधारण साडेतेराच्या आसपास येते, परंतु गेज बिचारा १४.७च दाखवत राहतो. लॅपटॉप शेजारी बसलेल्याच्या मांडीवर असू द्या, चालकाच्या नव्हे. ऑटोट्यूनने ढोबळ मॅप होतो, पण शेवटचे काम प्लग वाचूनच करा, आणि प्लग काढण्याआधी लोडवरच इंजिन बंद करा.

एक गोष्ट खरे तर आधी सांगायला हवी होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार वाहनातील बदलांवर बंधने आहेत, आणि ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१मध्ये आलेल्या व्हिंटेज नोंदणीत गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा अशी अट आहे. आपली गाडी त्या वयात बसते. व्हिंटेज गाड्यांची व्हीए मालिकेची पाटी हवी असेल तर ठाण्याच्या आरटीओत आधी लेखी विचारून घ्या, मगच पाना हातात घ्या. एसयू, मॅनिफोल्ड, पंप आणि डिस्ट्रिब्युटर पुसून, तेल लावून खोक्यात ठेवा, विकू नका, आणि मूळ भागांना एकही भोक पाडू देऊ नका. सासरेबुवांच्या पहिल्या मॅनिफोल्डवरची वेल्डिंग आता घासून निघत नाही. ते मॅनिफोल्ड माझ्या वर्कशॉपमध्ये फळीवर ठेवले आहे आणि साडूभाऊ ते परत मागत नाहीत.