‘काहीच जमलं नाही तर शिक्षक आहेच’

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. बोर्डात ७८ टक्के, जेईई मेनला ८१ पर्सेंटाइल, सीईटीला ९०च्या आसपास. दोन वर्षं इंटिग्रेटेडला (कॉलेज आणि जेईईचा क्लास एकत्र) घातली होती, फीसाठी पतपेढीचं कर्ज काढलं. आता ड्रॉप घेऊन पुन्हा जेईई द्यावी, की मिळेल तिथे कॉम्प्युटरला प्रवेश घ्यावा? ती म्हणते, बी.एस्सी. गणित करून शाळेत शिकवणार. ऐन बारावीतसुद्धा चाळीतल्या सहावी-सातवीच्या पोरांना गणित शिकवत बसायची. कोण कुठे चुकलं ते एका वहीत लिहून ठेवायची. एका मुलाने ०.३ पेक्षा ०.२५ मोठे असं लिहिलं, तर त्यावर हिने अख्खी संध्याकाळ घालवली. शेवटी मी ती शिकवणी बंद केली आणि वही काढून घेतली. काहीच जमलं नाही तर शिक्षक आहेच, पण आधी प्रयत्न तरी करायला हवा ना? निकालापासून ती आमच्याबरोबर जेवायला बसत नाही, बोलतही नाही फारसं. तिला तुम्हीच समजावून सांगा.
— एक पालक, भांडुप

उत्तर : नमस्कार. प्रवेशाचं नंतर बोलू. मुलगी जेवायला बसत नाही, बोलत नाही, हे तुम्ही टक्के, पर्सेंटाइल, कर्ज सगळं सांगून झाल्यावर जाता जाता लिहिलं आहे. मला ते सगळ्यात आधी घ्यावंसं वाटतं. अठरा वर्षांची मुलगी एका निकालानंतर घरात गप्प होते तेव्हा तिला समजावण्याची घाई करू नये. आज संध्याकाळी तिच्याशी बोला, पण करिअरचा विषय काढू नका. झोप लागते का, मैत्रिणींशी बोलणं होतं का, एवढं विचारा आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. आठवडाभरात फरक दिसला नाही, किंवा जगण्याला कंटाळल्यासारखं काही तिच्या तोंडून आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची टेलीमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, तिथे पालकांनीही फोन केला तरी चालतो.

तुमच्या पत्रात तिचं म्हणून एकच वाक्य आहे : बी.एस्सी. करून शिकवणार. बाकी सगळं तुमचं. तिचं ते एक वाक्यही तुम्ही ‘काहीच जमलं नाही तर’च्या खात्यात टाकलंत. रागावू नका, पण स्पष्ट लिहिते. तुम्ही कर्ज काढून इंटिग्रेटेडची फी का भरलीत? शाळा-कॉलेजात गणित आणि फिजिक्स नीट शिकवलं जाईल यावर तुमचा भरवसा नव्हता म्हणून. तो का नव्हता? शिकवायला नीट माणसं मिळत नाहीत म्हणून. आणि ज्या घरात एक मुलगी आपण होऊन, पैसे न घेता, चुकणाऱ्या पोराच्या डोक्यात काय चाललंय ते शोधायला संध्याकाळ देते, तिथे आपण तिची वही काढून घेतो. हे एकट्या तुमचं नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांना आपल्या मुलासाठी उत्तम गणित शिक्षक हवा असतो आणि आपलं मूल शिक्षक झालेलं नको असतं. दोन्ही एकदम कसं व्हायचं?

आता तुमच्या मनातल्या गैरसमजाबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण तो घरोघरी आहे. शाळेचं गणित शिकवायला फारसं काही यावं लागत नाही, असं आपण धरून चालतो. चिनी-अमेरिकी संशोधक लिपिंग मा यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या समजाच्या अगदी उलट जातो. त्यांनी २३ अमेरिकी आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांना विचारलं : पावणेदोन भागिले अर्धा, हे सोडवा आणि त्यावर मुलांसाठी एक शाब्दिक उदाहरण तयार करा. चिनी शिक्षक सगळेच्या सगळे बरोबर आले. अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्यांनाही पूर्ण बरोबर उत्तर काढता आलं नाही, आणि अर्थाला धरून उदाहरण फक्त एकाला रचता आलं. गंमत म्हणजे अमेरिकी शिक्षक पदवीधर होते, तर चिनी शिक्षकांचं एकूण शिक्षण बहुतेक अकरा-बारा वर्षांचंच. फरक होता तो साध्या वाटणाऱ्या गणिताच्या समजेत. आपल्याकडेही ‘उलटा करा आणि गुणा’ सगळ्यांना पाठ आहे. पावणेदोन किलो साखरेच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या केल्या तर साडेतीन पिशव्या होतात, एवढंच त्या भागाकारात आहे, हे मुलाला दाखवणारं कोणी भेटतं का? बहुतेक जण ‘भागिले अर्धा’ म्हणताना मनात दोनाने भागत असतात.

तेच त्या ०.२५चं. चाळीतल्या त्या मुलाला पंचवीस हे तीनापेक्षा मोठे दिसतात, कारण मोठ्यांच्या तोंडून तो ‘पॉइंट पंचवीस’ ऐकत आलाय. शिवाय क्रिकेटमध्ये त्याने १९.५ ओव्हर्सनंतर एका चेंडूत २० झालेल्या बघितल्यात. तिथे टिंबाच्या पुढे सहाचा हिशेब चालतो, दहाचा नाही. म्हणजे चुकीमागे त्याचा स्वतःचा काहीतरी नियम आहे, आणि तो नियम कळल्याशिवाय शंभर उदाहरणं घातली तरी चूक जात नाही. तुमच्या मुलीला हे कोणी शिकवलेलं नाही, तरी ती तेच शोधत बसली होती. मुलांच्या चुकांमागचा हा विचार समजून घेणं हा गणित-विज्ञान शिक्षणातला संशोधनाचा विषय आहे. त्यासाठीची देशातली महत्त्वाची संस्था तुमच्यापासून तासाभराच्या आत आहे : मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये सुरू केलेलं. भांडुपहून कुर्ला आणि तिथून हार्बर. विज्ञान शिक्षण या विषयात तिथे पीएच.डी. करता येते. गणित-विज्ञानाच्या ऑलिम्पियाड स्पर्धांच्या पलीकडे ही जागा पालकांना माहीतच नसते.

तेव्हा ड्रॉपबद्दल माझं मत : घेऊ नका. जिला जेईई नको आहे तिने आणखी एक वर्ष जेईई करून काय साधेल? कॉम्प्युटर इंजिनीअरिंग वाईट मुळीच नाही. तिला स्वतःला हवं असेल तर आनंदाने घ्या. पण ते तिने म्हणायला हवं, आणि त्यासाठी दुसरं कर्ज नको.

शिकवण्याच्या वाटेवरचे खाचखळगेही सांगते, म्हणजे मी गुलाबी चित्र रंगवलं असं वाटायला नको. बी.एस्सी.नंतर दोन वर्षांचं बी.एड., मग टेट-टीएआयटी या शिक्षक होण्यासाठीच्या परीक्षा आणि पवित्र हे शिक्षक भरतीचं सरकारी पोर्टल, हा रस्ता लांब आहे आणि भरती रखडते. अनुदानित शाळेत पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. माध्यमिकला त्याचं मानधन २०२३ पासून महिना १८,००० रुपये आहे. त्याआधी ते ८,००० होतं. विनाअनुदानित शाळांत काय मिळेल याला धरबंध नाही. ज्या शहरात एका खोलीचं भाडं पगाराएवढं होतं, तिथे चांगली मुलं शिक्षकी पेशाकडे का वळत नाहीत, याचं उत्तर या रकमांतच आहे. त्यामुळे तिने गणित पक्कं करावं, एम.एस्सी.पर्यंत जावं, मग शाळेखेरीज कॉलेज, संशोधन, डेटाची कामं, पाठ्यसाहित्य तयार करणं असे दरवाजे उघडे राहतात. नेस्ट या प्रवेश परीक्षेतून कलिनाचं सीईबीएस (मुंबई विद्यापीठाच्या आवारातलं मूलभूत विज्ञानाचं केंद्र), आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची परीक्षा, चार वर्षांचा एकत्रित बी.एस्सी.-बी.एड. यांच्या यंदाच्या मुदती आणि अटी तिनेच तपासाव्यात. कलिनाला पाच वर्षांचा एकत्रित एम.एस्सी. आहे, आणि तिचा कल पाहता तो मला सर्वांत जवळचा वाटतो.

एक इशारा तिच्यासाठी. बी.एस्सी.चं गणित हे बारावीच्या गणिताचं पुढचं पान नाही. तिथे आकडेमोड मागे पडते आणि सिद्धता पुढे येतात. झरझर उत्तरं काढणारी कितीतरी मुलं पहिल्याच वर्षी गांगरतात आणि नोट्स पाठ करू लागतात. तिने आधी स्वतःला तपासावं : १ पासून ओळीने विषम संख्या मिळवत गेलं की प्रत्येक वेळी पूर्ण वर्गच का येतो, हे कुठेही न बघता ठिपक्यांच्या चित्राने आणि मग बीजगणिताने पटवून देता येतं का? त्यात रमली तर पुढे निभावेल. पदवीच्या काळात १९९३ पासून चालणारं एमटीटीएस हे गणिताच्या विद्यार्थ्यांचं उन्हाळी शिबिर तिने चुकवू नये. पाठांतर बाजूला ठेवून गणित करायला लावणारी अशी जागा आपल्या कॉलेजांत क्वचित सापडते.

आणि प्रयोगांचं काय? दोन वर्षं इंटिग्रेटेड म्हणजे बहुधा जर्नल उतरवून झालं असणार. बोर्डाचे फिजिक्सचे ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, ते मिळालेही असतील. पण उद्या शाळेत हीच मुलगी गणिताबरोबर विज्ञानही शिकवेल. तेव्हा कॉलेज निवडताना प्रयोगशाळा उघडी असते का, हे जाऊन बघावं.

मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांत तिसऱ्या वर्षाला गणित घेणारी मुलं इतकी थोडी उरतात, की प्रवेश घेताना असलेला विषय पुढे चालेलच असं नसतं. म्हणून फॉर्म भरण्याआधी तिला विभागात जाऊन तीन गोष्टी विचारायला सांगा : गणित मेजर (मुख्य विषय) म्हणून शेवटपर्यंत चालतं का, गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाला किती मुलं होती, आणि शिकवणारे कायम आहेत की तासिका तत्त्वावर. तुम्ही सोबत जा, पण प्रश्न तिला विचारू द्या. ड्रॉपच्या बॅचसाठी कोणी टोकन रक्कम मागत असेल तर तोवर एक रुपयाही भरू नका.