कुकर एकच, पण क्रम सांभाळ

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

संध्याकाळचा स्वयंपाक आता तुझ्याकडे आला म्हणे. बायको दुसऱ्या पाळीत, पोरं दोन, आणि तू डोंबिवलीला उतरतोस तोवर साडेसात वाजलेले. "एका भांड्यात होईल आणि स्वस्तात पडेल असं काहीतरी सांग," म्हणालास. सांगते. पण सगळं एकदम कुकरात लोटायचं आणि झाकण लावायचं, ही कल्पना आधी डोक्यातून काढ. भांडं एक असलं तरी कशामागून काय घालायचं हे ठरलेलं असतं. ते चुकलं की डाळ कच्ची, भाजीचा गिचका आणि पोरं बिस्किटांवर.

साधी गोष्ट बघ. तूरडाळीत चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधीच घातला, तर आंबटपणामुळे डाळीचा दाणा घट्ट राहतो आणि ती शिजायला नाखूश असते. मग माणसं शिट्ट्या वाढवतात, गॅस जाळतात आणि दुकानदाराला शिव्या देतात. आंबट नेहमी डाळ शिजल्यावर. बोअरिंगचं जड पाणी असेल तरी डाळ हटवादी होते; तेव्हा ती सकाळी निघतानाच भिजत टाक. खायचा सोडा मात्र घालू नकोस. डाळ मऊ होते खरी, पण तिच्यातलं बी-१ जीवनसत्त्व त्याने नासतं.

तुझ्यासाठी पहिला पदार्थ मी वरणफळं निवडते. काही घरांत याला चकोल्या म्हणतात. चौघांना पाऊण वाटी तूरडाळ आणि दीड वाटी कणीक पुरे. भाजी नसली तरी चालतं, आणि महिनाअखेरीला ती नसतेच. कुकरातच तेल तापव, मोहरी तडतडू दे, मग जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, हळद. त्यावर धुतलेली डाळ आणि तीन वाट्या पाणी. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून दहा-बारा मिनिटं ठेव. मोठ्या आचेवर कुकर आणखी तापत नाही, जादा वाफ शिट्टीवाटे बाहेर जाते आणि तिच्याबरोबर तुझे पैसे. डाळ फेसाळते, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरू नकोस.

तेवढ्या वेळात कणीक मळ. तिच्यात चमचाभर बेसन, ओवा, तिखट, मीठ, थोडं तेल, आणि गोळा पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. सैल कणकेची फळं आमटीत विरघळून खळ होते. पोळी लाटून शंकरपाळ्यासारखी काप. कुकरची वाफ आपोआप जिरू दे, मग डाळ रवीने घोट, आणखी तीन-चार वाट्या गरम पाणी घाल, चिंच, गूळ, मीठ, गोडा मसाला टाक आणि खळखळून उकळी येऊ दे. आता फळं एकेक करून सोड. मूठभर एकदम टाकलीस तर एकमेकांना चिकटून लगदा होतो. झाकण न लावता आठ-दहा मिनिटं. एक फळ तोडून बघायचं, मध्ये पांढरं पीठ दिसलं नाही म्हणजे झालं. ताटात वरून तूप, बाजूला कच्चा कांदा. बस.

दुसरा आधार मटकीभात. रविवारी मटकी भिजव, सोमवारी फडक्यात बांध, मोड आले की डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेव. दोन-तीन दिवस राहते. कोरडी वाटीभर मटकी मोड येईपर्यंत फुगून दुपटीहून जास्त भरते, म्हणजे उसळ आणि भात दोन्हींना पुरते. कांदा परतून मटकी, तांदूळ, कांदा-लसूण मसाला, तांदळाच्या दुप्पट पाणी, दोन शिट्ट्या. तांदूळ कोलम घे. बासमती या भातात घालणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुगाच्या खिचडीला कृती लागत नाही. दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ, पोरांसाठी सैल हवी तर पाणी चौपट-पाचपट. एवढंच सांगते की पैसे वाचवायला डाळीचं माप कमी करू नकोस. तांदळात जे कमी पडतं ते डाळ भरून काढते. नुसत्या पिवळ्या भाताने पोरांना तासाभरात पुन्हा भूक लागते. काटकसर करायची तर भाजीत कर. हिवाळ्यात मटार, गाजर, फ्लॉवर स्वस्त असतात तेव्हा घे, फ्लॉवरचे कोवळे दांडे बारीक चिरून घाल, आणि महाग असेल त्या आठवड्यात शेंगदाण्यांवर भागव. फोडणीत मात्र हात आखडू नकोस. चमचाभर तेल वाचवून अख्खा कुकर बेचव करण्यात कसली आली बचत?

धाकटीला तिखट चालत नाही, म्हणून दोन स्वयंपाक करत बसू नकोस. मिरच्या उभ्या चिरून मोठ्या ठेव, म्हणजे तिच्या ताटातून काढता येतात. तुम्हा दोघांना वर लसणाची तिखट चटणी. तुझी बायको रात्री उशिरा येऊन जेवते, तर वरणफळांत तिच्या वाट्याची फळं आधी सोडू नकोस. ती आमटी पितात आणि फुगून घट्ट होतात. चार कापलेली फळं पीठ भुरभुरून झाकून ठेव, ती आली की उकळत्या आमटीत टाक. उरलेला भात रात्रभर ओट्यावर राहू द्यायचा नाही, निवला की लगेच फ्रीजमध्ये. सकाळी फोडणीला टाकलास की डब्याचंही भागतं.

कुकरची रिंग सैल झालीय म्हणालास ना? आधी ती बदल, मग वरणफळं कर.

कळावे,
तुझी आत्या