तणाव चिघळतो, भडकतो की शिगेला पोहोचतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रशिया आणि नाटो यांच्याविषयीच्या मराठी बातम्यांत आणि चर्चांत एके दिवशी 'तणाव चिघळला' असते, दुसऱ्या दिवशी तो 'विकोपाला' जातो, तिसऱ्या दिवशी 'शिगेला' पोहोचतो आणि मधूनच 'भडका' उडतो. हे सगळे इंग्रजी 'एस्कलेशन'चेच (संघर्ष पायरीपायरीने वाढत जाण्याचेच) प्रतिशब्द समजायचे का, की त्यांत काही फरक पाळायला हवा? जाता जाता आणखी एक शंका विचारली आहे: 'पाश्चात्य' बरोबर की 'पाश्चिमात्य'?

फरक आहे, आणि पाळला तर वाचणाऱ्याच्या समजुतीत बराच फरक पडतो. शेवटची शंका शेवटीच घेऊ.

आधी 'एस्कलेशन'कडे बघू. इंग्रजीतही हा शब्द फार जुना नाही. सरकत्या जिन्याचे 'एस्कलेटर' हे नाव १९००च्या पॅरिस प्रदर्शनात ओटिस कंपनीने मिरवले. त्यावरून पुढे क्रियापद निघाले आणि युद्धाच्या संदर्भात ते रुळले व्हिएतनामच्या काळात, म्हणजे १९६०च्या दशकात. मुळाशी शिडी आहे. हर्मन कान या अमेरिकी युद्धतज्ज्ञाने १९६५ मध्ये तर चक्क ४४ पायऱ्यांची शिडी मांडून दाखवली. सगळ्यात खाली नुसता संकटाचा आव, सगळ्यात वर बेभान अणुयुद्ध. ती शिडी पटो न पटो, शब्दाचा स्वभाव त्यातून कळतो. शिडी कोणीतरी चढतो. चढणाऱ्याने पाऊल उचललेले असते, कितवी पायरी ते सांगता येते आणि मनात आणले तर उतरताही येते.

आता आपली क्रियापदे बघा. चिघळणे, भडकणे, पेटणे, विकोपाला जाणे. यांतले एकही कोणी 'करत' नाही, ते 'होते'. जखम आपली आपण चिघळते, वणवा वाऱ्याने भडकतो. सगळी अकर्मक क्रियापदे, आणि कर्ता म्हणून जे येते ते 'तणाव', 'संघर्ष', 'परिस्थिती' असले कोणाचेच नसलेले नाम. रशिया आणि पाश्चात्त्य देश यांच्यातला निम्मा वाद मात्र नेमका याचाच आहे, की पाऊल कोणी उचलले. आपण 'तणाव चिघळला' असे लिहिले की तो प्रश्नच वाक्यातून नाहीसा होतो.

एक उदाहरण जवळून पाहू. ९ आणि १० सप्टेंबर २०२५च्या मधल्या रात्री सुमारे वीस रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत गेले. नाटोच्या विमानांनी त्यांतले काही पाडले. पोलंडने नाटो कराराच्या कलम ४ खाली सल्लामसलत मागितली. (हे कलम ४ म्हणजे 'बसून बोलू या'. एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला, हे कलम ५. मराठी चर्चांत या दोहोंची सर्रास गल्लत होते आणि मग तिसरे महायुद्ध संध्याकाळच्या आत सुरू होते.) पोलंडचे म्हणणे, हे मुद्दाम केले. रशियाच्या संरक्षण खात्याचे म्हणणे, पोलंडमधले कोणतेही लक्ष्य आमच्या बेतात नव्हते. बेलारूसचे म्हणणे, इलेक्ट्रॉनिक जॅमिंगमुळे ड्रोनची वाट चुकली.

मराठीत या तीन बाजूंसाठी तीन क्रियापदे अगदी हाताशी आहेत. ड्रोन घुसवले, ड्रोन घुसले, ड्रोन भरकटले. पहिल्यात हेतू आहे, तिसऱ्यात माफी आहे, आणि मधले 'घुसले' वरवर तटस्थ दिसते, पण त्यात आगळिकीचा वास आहेच. कुठलीच बाजू घ्यायची नसेल तर 'हद्दीत आले' किंवा 'हद्द ओलांडली' एवढेच लिहावे आणि पुढच्या वाक्यात कोण काय म्हणतो ते नाव घेऊन सांगावे. 'ड्रोन घुसल्याने तणाव चिघळला' या वाक्यात दोन क्रियापदे आहेत आणि दोन्हींत माणूस नाही.

म्हणून चिघळणे टाकाऊ झाले असे नाही. त्याची जागा वेगळी आहे. जखम चिघळते ती नवा घाव बसल्यामुळे नव्हे, जुन्याकडे लक्ष न दिल्यामुळे. वाहती राहते, वरून खपली धरल्यासारखी दिसते आणि आत पू असतो. पूर्व युक्रेनमधल्या डोनबासचे २०१४ ते २०२२ हे अगदी असेच झाले. सप्टेंबर २०१४ आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये मिन्स्कला करार झाले, पुढे अंमलबजावणी रखडली, तोफा अधूनमधून चालूच राहिल्या, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २०२१ अखेरपर्यंत १४ हजारांच्या आसपास माणसे मेली. 'डोनबासचा प्रश्न चिघळला' हे वाक्य मला निर्दोष वाटते. आणि कोणी तो मुद्दाम तसा ठेवला असे म्हणायचे असेल तर प्रयोजक रूप आहेच: 'प्रश्न चिघळवत ठेवला'. आपल्या राजकारणात हे रूप रोज ऐकू येते, परराष्ट्राच्या बातमीत मात्र का कोण जाणे लाजते. रशियन भाषेतही तणाव वाढण्याला 'अबस्त्रेनिये' असा शब्द आहे. मुळात तो धार चढण्याचा, पण तिथले डॉक्टर जुना आजार उचल खातो तेव्हाही तोच वापरतात. तेव्हा आजाराची प्रतिमा काही आपलीच मक्तेदारी नाही.

'विकोप'ही त्याच घरातला. दोष किंवा रोग बळावून हाताबाहेर जाणे. त्यात 'आता साधा उपाय चालणार नाही' ही छटा आहे, म्हणून दर आठवड्याला तो वापरू नये. एकदा विकोपाला गेलेले पुढच्या सोमवारी पुन्हा विकोपाला कसे जाईल?

'शिगेला पोहोचणे' याचे तर फारच हाल झाले आहेत. पायली किंवा अधोली धान्याने भरल्यावर काठाच्या वर जो निमुळता ढीग उभा राहतो ती शीग. तिच्यावर आणखी मूठभर टाकले की ते घरंगळून खालीच येणार. म्हणजे शीग ही कमाल आहे. ऑक्टोबर १९६२चे क्युबा प्रकरण (सोव्हिएत संघाने क्युबात क्षेपणास्त्रे ठेवल्यावरून अमेरिकेशी झालेला पेच) शिगेला पोहोचले होते यात वाद नाही: २७ तारखेला अमेरिकेचे यू-२ टेहळणी विमान क्युबावर पाडले गेले, वैमानिक ठार झाला, अमेरिकेचा अण्वस्त्रवाहू बॉम्बर ताफा युद्धाच्या एकच पायरी खालच्या सज्जतेवर होता. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे जाहीर केले आणि शीग ओसरली. याउलट २०१४ पासून दर दोन महिन्यांनी तणाव 'शिगेला' पोहोचवणाऱ्यांनी माप तरी कोणते घेतले आहे?

भडकणे आणि भडका यांचे थोडक्यात सांगतो. भडका अचानक उडतो आणि सगळ्यांना दिसतो. २०२२च्या मार्चमध्ये सूर्यफूल तेलाचे भाव भडकले, कारण आपले हे तेल मुख्यतः युक्रेन आणि रशियातून येत होते. तिथे शब्द चपखल बसतो. पण '२४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध भडकले' हे मला खटकते. त्या दिवशी रशियाचे सैन्य सीमा ओलांडून युक्रेनमध्ये शिरले. कोणाचे सैन्य, कोणाच्या देशात, कोणत्या तारखेला, हे सगळे माहीत असताना वाक्याला वणव्याची भाषा कशाला? 'रशियाने आक्रमण केले' असे लिहावे. त्याची कारणे काय, नाटोच्या विस्ताराचा त्यात वाटा किती, हा वाद पुढच्या परिच्छेदात खुशाल घालावा. कर्ता लपवून निःपक्षपाती होता येत नाही.

मग दोन्हीकडून पावले पडत असतील तेव्हा काय लिहायचे? यासाठी मराठीत एक जुने, घरगुती आणि विलक्षण नेमके वाक्य आहे: 'शब्दाने शब्द वाढत गेला.' यात कर्ते दोन आहेत, क्रम आहे, आणि प्रत्येकाला आपण फक्त उत्तर देतो आहोत असे वाटते, हेही आहे. नोव्हेंबर २०२४चा एक आठवडा घ्या. युक्रेनने एटॅकम्स ही लांब पल्ल्याची अमेरिकी क्षेपणास्त्रे रशियाच्या आत डागावीत याला बायडेन सरकारने परवानगी दिली. १९ तारखेला ब्रियान्स्क भागात ती डागली गेली. त्याच दिवशी पुतिन यांनी रशियाच्या अण्वस्त्र धोरणाच्या सुधारित मसुद्यावर सही केली. अण्वस्त्रधारी देशाच्या पाठबळाने दुसऱ्या देशाने केलेला हल्ला दोघांचा संयुक्त हल्ला मानला जाईल, असे त्यात आहे. २१ तारखेला युक्रेनच्या द्निप्रो शहरावर रशियाचे ओरेश्निक हे नवे क्षेपणास्त्र पडले. अमेरिका म्हणाली, उत्तर कोरियाचे सैनिक तुम्ही आणलेत, त्याला हे उत्तर. रशिया म्हणाला, एटॅकम्सला हे उत्तर. एस्कलेशन कायम समोरच्याचे, आपले ते प्रत्युत्तर.

'शब्दाने शब्द' म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो: पहिला शब्द कोणाचा? आणि इथेच मोजणीची सुरुवात प्रत्येक जण आपल्या सोयीने करतो. रशिया १९९९ पासून मोजतो, कारण त्या वर्षी पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक नाटोत गेले; मग २००४ला बाल्टिक देश, मग २००८ची नाटोची बुखारेस्ट परिषद, जिथे युक्रेन आणि जॉर्जिया पुढे नाटोत येतील असे जाहीर झाले. दुसरी बाजू २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला तिथून मोजते. मराठीत लिहिताना 'तणाव वाढला' ऐवजी 'अमुकने अमुक केले, त्यावर तमुकने तमुक' अशी साखळी लिहिली तर निदान मोजणी कुठून सुरू केली हे वाचकाला दिसते.

खुद्द 'तणाव' या शब्दाबद्दलही दोन ओळी. तणावा म्हणजे तंबूचा दोर. ताणणे, ताण, तणाव यांत दोरी आहेच, आणि दोरी ताणायला दोन टोके लागतात. २६ ऑक्टोबर १९६२ला ख्रुश्चेव्ह यांनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना जे लांबलचक पत्र पाठवले, त्यात हीच प्रतिमा आहे: युद्धाची गाठ बसलेल्या या दोराची टोके आपण दोघांनी ओढू नयेत, जितके ओढू तितकी गाठ आवळेल, आणि मग ती बांधणाऱ्यालाही सोडवता येणार नाही, कापावीच लागेल. आपल्याकडे या दोन गाठींना वेगळी नावेच आहेत. ओढले की सुटते ती सुरगाठ आणि सुटत नाही ती निरगाठ. ख्रुश्चेव्ह निरगाठीबद्दल बोलत होते. म्हणून दोर चिघळत नाही एवढ्यावरून 'तणाव चिघळला' चूक ठरवायला मी जाणार नाही. 'तणाव निवळला' यातही दोर आणि गढूळ पाणी एकत्र आले आहेत आणि ते आपल्या कानाला खटकत नाही. रुळलेले रूपक मेलेले असते. पण पर्याय असेल तिथे 'ताणले', 'ताण वाढवला', 'सैल सोडले' ही भावंडे वापरली तर वाक्य जिवंत होते. 'रशियाने आणखी ताणले नाही' हे 'रशियाने डी-एस्कलेट केले' यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे.

नामच हवे असा कोणाचा हट्ट असेल, तर 'तीव्रीकरण', 'संघर्षवृद्धी' असले शब्द घडवता येतील, पण ते परिपत्रकात शोभतील. मराठीला इथे नामाची गरजच नाही, क्रियापद पुरते. युद्धशास्त्रावरच्या लेखात, जिथे कान यांची शिडी किंवा 'उतरण्यासाठी चढणे' (समोरच्याने माघार घ्यावी म्हणून आधी आपणच एक पायरी वर जाणे) असल्या डावपेचांची चर्चा आहे, तिथे 'एस्कलेशन' हा शब्द देवनागरीत तसाच ठेवावा. रशियनांनीही तो 'एस्कलात्सिया' म्हणून तसाच घेतला आहे.

आता शेवटची शंका. संस्कृत व्याकरणाने 'पश्चात्'ला 'त्य' लागून 'पाश्चात्त्य' होते, म्हणजे त दोन. पाणिनीच्या एकाच सूत्रातून दाक्षिणात्य, पाश्चात्त्य आणि पौरस्त्य ही तीन रूपे निघतात. 'पाश्चिमात्य' हे 'दाक्षिणात्य'च्या चालीवर लोकांनी बनवले, 'पौर्वात्य'ही तसेच. 'पौर्वात्य' आपण निमूट स्वीकारले आहे, तेव्हा 'पाश्चिमात्य'वर तुटून पडण्यात अर्थ नाही. छापायचे असेल तर 'पाश्चात्त्य' लिहावे, बोलताना काहीही चालेल. 'रशिया आणि पश्चिम यांच्यात' असे मात्र लिहू नये; मराठीत पश्चिम ही दिशा आहे, ती कोणाशी भांडत नाही.

व्याकरणापेक्षा महत्त्वाचे म्हणजे 'पाश्चात्त्य', 'नाटो' आणि 'युरोपीय संघ' हे तीन शब्द अदलून बदलून वापरू नयेत. तुर्कस्तान १९५२ पासून नाटोत आहे, पण रशियावरच्या निर्बंधांत सामील झाला नाही. ऑस्ट्रिया युरोपीय संघात आहे, नाटोत नाही. आणि 'पाश्चात्त्य निर्बंध' म्हणून जे आपण लिहितो त्यांत जपान पहिल्यापासून आहे. मॉस्कोने मार्च २०२२ मध्ये जाहीर केलेल्या 'अमित्र' देशांच्या यादीत जपान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूरही आहेत. तिथे 'पाश्चात्त्य देश आणि त्यांचे सहकारी' असे लिहावे. दोन शब्द जास्त लागतात, पण व्लादिवोस्तोकच्या पूर्वेला असलेला देश पश्चिमेत ढकलावा लागत नाही.